डबा घेऊन व्हॅक्सिन डेपोत

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. वय 41. बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये 14 वर्षं झाली. हेल्पर म्हणून लागलो, मग ऑपरेटर, मग मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा सेटर, आता दोन वर्षं लाइनचा सुपरवायझर. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट करतो, निम्म्याहून जास्त माल परदेशी जातो. गेले काही महिने ऑर्डर आटल्यात. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, ओटी बंद, ठेकेदाराची पोरं घरी बसली. आता आठवड्यातले दोन-तीन दिवस ‘उद्या काम नाही, येऊ नका’ असा निरोप येतो.

साहेबांनी पुण्याहून एक वक्ता आणला होता. पॉझिटिव्ह राहा म्हणून दोन तास बोलला. साहेब म्हणाले, लाइनवरच्या पोरांचा उत्साह टिकवायची जबाबदारी तुझी. म्हणून मी रोज सकाळी ग्रुपवर चांगले विचार टाकतो. पोरं अंगठ्याचं चिन्ह टाकतात आणि समोर आली की विचारतात, “मामा, पुढच्या आठवड्यात पाळी हाय काय?” मला काय माहीत? तरी म्हणतो, होईल सगळं ठीक. खरं म्हणजे माझाच उत्साह संपलाय. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. कामात लक्ष नाही, मागच्या आठवड्यात अख्खी बॅच रिवर्कला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला गेली. सोसायटीचं कर्ज आहे, मुलगी दहावीला. काम नसतं त्या दिवशी घरी सांगत नाही, डबा घेऊन निघतो, व्हॅक्सिन डेपोच्या बागेत झाडाखाली बसतो आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येतो. गोव्यात वेर्ण्याला एका ठेकेदाराकडे जागा आहे म्हणतात, जावं का तेही कळेना. मन खंबीर ठेवायला काय करू?

— उद्यमबागेतला एक वाचक


भाऊ, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण डबा घेऊन झाडाखाली बसण्याची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत आणि मला काही तिथून पुढे सरकता येईना. मला वाटतं, तुम्ही दमलात ते ऑर्डर कमी झाल्या म्हणून थोडे, आणि सोंग वठवून जास्त. कारखान्यात ‘होईल सगळं ठीक’चं सोंग, घरी ‘आज पाळी होती’चं सोंग, सकाळी ग्रुपवर सुविचारांचं सोंग. काम नसलेल्या दिवशीही तुम्हाला सुट्टी नाही, आठ तास घराबाहेर काढायची ड्युटी आहेच. आणि हे सगळं एकट्यानं. एवढं करून माणूस रात्री शांत झोपला असता तर मीच तुम्हाला विचारलं असतं, कसं काय जमलं बुवा?

तेव्हा आधी घरी सांगा. पुढच्या पगाराची वाट न बघता, याच आठवड्यात. वहिनींना बहुतेक ठाऊक असणारच. मशीनवरून आलेल्या माणसाच्या शर्टाला कूलंटचा वास असतो, आणि शर्ट कोण धुतं? शिवाय व्हॅक्सिन डेपोत निम्मी टिळकवाडी फिरायला येते, त्यात तुमच्या गल्लीतलं कुणी एकदाही आलं नसेल, हे काही मला पटत नाही. बेळगावात अशी गोष्ट फार दिवस लपत नाही. वहिनी गप्प असतील तर तुमचा मान राखायला गप्प असतील, आणि मग त्या घरात दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळी जागरणं करत असतील.

सांगताना वही घेऊन बसा. एका बाजूला पूर्ण पाळ्यांचा पगार, दुसऱ्या बाजूला आत्ता खरंच हातात येतो तो. खाली सोसायटीचा हप्ता, पिग्मीची रोजची बचत, मुलीच्या क्लासची फी, किराणा, गावाकडे पाठवता ते. आकडे कागदावर आले की पहाटे तीनला डोक्यात फिरतात त्यापेक्षा लहान दिसतात. लहान नाही दिसले तरी निदान किती कमी पडतंय ते कळतं. आणि मुलीपासून लपवू नका. दहावीतल्या पोरीला घरातलं बिघडलेलं बरोबर कळतं, कारण मात्र कुणी सांगत नाही, मग ती ते आपल्या अभ्यासाला नाहीतर मार्कांना चिकटवते.

सोसायटीत हप्ता थकायच्या आधी जा. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागायला तोंड असतं, थकल्यावर गेलात तर तुमच्या नावापुढे थकबाकीदार लागलेलं असतं. आणि आपल्याकडच्या सोसायट्यांत जामीनदार बहुतेक शेजारच्या मशीनवरचाच असतो. तुमचा हप्ता चुकला की नोटीस त्याच्या घरी. ज्या पोरांचा उत्साह टिकवायचाय त्यांच्यातच तो असेल, हेही ध्यानात घ्या. पिग्मी बंद करू नका, रक्कम कमी करा. एका कर्जाचा हप्ता भरायला सोनं तारण ठेवायचं तर अजिबात नको.

आता तुमच्या त्या दोन-तीन दिवसांबद्दल. मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपट सांभाळलाय, त्यामुळे ‘उद्या काम नाही, येऊ नका’ हे वाक्य वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, मस्टरवर त्या दिवशी काय लिहिलं? त्या दिवसाला तीन नावं असू शकतात. तुमच्या खात्यातली अर्जित रजा कापली, बिनपगारी लावली, किंवा ले-ऑफ दाखवला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवलं. पगाराची पावती काढून बघा. चौदा वर्षं नोकरी झालेली माणसंही पावतीत खालचा आकडा तेवढा बघतात, वरचे रकाने वाचत नाहीत.

ले-ऑफ असेल तर कायदा असा आहे. जिथे 50 किंवा जास्त कामगार आहेत आणि कामगाराची सलग एक वर्षाची नोकरी झालीय, तिथे त्या दिवसांची भरपाई म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. वर्षाला साधारण 45 दिवसांपर्यंत हा हक्क पक्का धरा, पुढचं करारावर अवलंबून. हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आणि याच कायद्यात एक अट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. ले-ऑफच्या दिवशी नेमलेल्या वेळेला कामगारानं दिवसातून एकदा कारखान्यात हजर व्हायचं असतं, नाहीतर भरपाई बुडू शकते. म्हणजे ज्या वेळेला तुम्ही डबा मांडीवर घेऊन झाडाखाली बसता, त्या वेळेला गेटवर सही केली असती तर कदाचित अर्धा दिवस पदरात पडला असता. निरोप तोंडी होता की लेखी, हेही इथे महत्त्वाचं. लेखी मागा. भांडून नको, ‘साहेब, पोरं विचारतात, बोर्डावर लावा’ एवढंच म्हणा.

तुमच्या बाबतीत एक मेख आहे. देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिना 18,000 च्या वर गेला की नव्या संहितेनुसार तो ‘कामगार’ धरला जात नाही. पण बघतात ते हुद्द्याचं नाव नाही, हातून प्रत्यक्ष काय काम होतं ते. सुपरवायझर म्हणवून घेऊन दिवसाचा बहुतेक वेळ तुम्ही स्वतः सेटिंग करत असाल तर तुमची बाजू लंगडी नाही. ही गोष्ट कामगार खात्याच्या कचेरीत किंवा एखाद्या कामगार वकिलाला विचारून घ्या, माझ्या सदरावर विसंबून मालकाशी वाद घालू नका.

पोरांसाठीही दोन गोष्टी. ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे ती ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असतील. आजारपणाच्या पगारी भरपाईसाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. आठवड्याला तीनच दिवस काम मिळालं तर हिशेब अगदी काठावर येतो, एखादी दांडी झाली की गेला. म्हणून काम असेल त्या दिवशी ‘आज कंटाळा आला’ म्हणून घरी राहू नका, हे त्यांना सांगा. आणि कुणाची नोकरीच गेली तर ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, तिच्यात सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम 90 दिवसांपर्यंत मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आत्ता चालू आहे का ते अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलला गेलात की तिथून योग्य कचेरी विचारून घ्या.

इथेच एक बोलून टाकते, काही वाचक माझ्यावर चिडतील तरी. कन्नड तुम्ही सगळे सफाईनं बोलता, वाचायला मात्र शिकत नाही. बोर्डावरची नोटीस कन्नडात लागली की दुसऱ्याच्या तोंडून ऐकता, आणि ऐकीव नोटीस चहाच्या टपरीपर्यंत जाईतो दुप्पट होते. आपली मराठी कुणी काढून घेत नाही त्यानं. स्वतःच्या पगाराबद्दलचा कागद स्वतः वाचता यावा, एवढंच म्हणणं आहे.

आता साहेबांनी तुमच्यावर टाकलेली ती उत्साहाची जबाबदारी. ऑर्डर तुमच्या चेहऱ्यावरचं हसू बघून येत नाहीत, आणि तुम्ही उदास होता म्हणून गेल्याही नाहीत. 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं कितीतरी भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत आयातकर लावला. परदेशी माल पाठवणाऱ्यांची गणितं अशा एका कागदानं फिरतात, मग तो कर पुढे वाढो की उतरो, गिऱ्हाईक आधी हात आखडतं. त्याआधी 2019 मध्ये गाड्यांचा खप पडला तेव्हा कास्टिंग आणि मशीनिंगवाल्यांनी भोगलं, लगेच 2020 चा लॉकडाउन आला. 2008-09 ची मंदी तुमच्या साहेबांना आठवत असेल. बाहेरच्या कारणानं आलेल्या मंदीत कामगाराला ‘तुझी वृत्ती बदल’ म्हणून सांगणं मला तरी बरं वाटत नाही. जे त्याच्या हातात नाही त्याचा दोष त्यालाच चिकटतो. ते सुविचार टाकणं उद्यापासून थांबवलंत तर ग्रुपवर कुणी शोक करणार नाही.

पोरांना काय हवंय ते त्यांनी तुम्हाला रोज सांगितलंय. पुढच्या आठवड्यात पाळी आहे का? त्यांना उत्साह नको, तारीख हवीय. कारण त्यावर त्यांची सगळी जुळवाजुळव असते. एखाद्याला येळ्ळूरला भाताच्या लावणीला थांबायचं असतं, एखाद्याला सुट्टीच्या दिवशी भावाचा टेम्पो चालवता येईल, खानापूरकडून येणाऱ्याला पास काढायचा की रोजचं तिकीट ते ठरवायचं असतं. त्यांना चार दिवस आधी कळलं तर मंदीतही आठवडा मार्गी लागतो. आदल्या रात्री नऊला निरोप आला तर ना इथलं काम ना तिथलं.

म्हणून साहेबांकडे जा आणि सरळ विचारा, पोरांना मी काय काय सांगू शकतो? हातात किती आठवड्यांची ऑर्डर आहे, कोणत्या पार्टची, पाळ्यांचं वेळापत्रक शुक्रवारी लावता येईल का? सगळं सांगणार नाहीत, मालकालाही काही गोष्टी झाकाव्या लागतात. पण जेवढं मिळेल तेवढं पाळी सुरू होताना मशीनपाशी उभं राहून पाच मिनिटांत सांगा. जे माहीत नाही ते ‘मला माहीत नाही, बुधवारी विचारून सांगतो’ असं म्हणा, आणि बुधवारी काही कळलं नसलं तरी तोंड दाखवून ‘अजून कळलं नाही’ सांगा. वायद्याच्या दिवशी गायब होणारा सुपरवायझर पोरांना बरोबर ओळखू येतो. नाहीतरी डिस्पॅचला आज किती टेम्पो लागले ते टपरीवर उभी राहून पोरं मोजतच असतात. त्यांना तुमच्यापेक्षा फार कमी माहीत आहे असं समजू नका. आणि ‘काढणार नाहीत कुणाला’ हा शब्द मात्र कुणालाही देऊ नका. तो तुमच्या हातातला नाही, आणि खोटा ठरला तर चौदा वर्षांची पत जाते.

कामात लक्ष नाही म्हणता, त्याबद्दल. जुन्या सेटरला मी सल्ला काय देणार, पण इतकं पाहिलंय की मंदीत मोठ्या बॅचा जातात आणि कारखाना जगायला पडेल ते छोटं काम घेतो. पन्नास नग याचे, शंभर त्याचे. मग दिवसाला एकाऐवजी तीन-चार सेटिंग बसतात. ज्याला फक्त जॉब लावायचा, दार बंद करायचं आणि हिरवं बटण दाबायचं येतं तो अशा दिवसांत उघडा पडतो, आणि ज्याला ड्रॉइंग वाचून टूल बसवून पहिला नग मापात काढता येतो त्याच्याशिवाय पाळी चालत नाही. तुम्ही त्या दुसऱ्यातले. तुमच्या लाइनवरची पोरं बहुतेक पहिल्यातली. मग रिकाम्या तासात त्यांच्यातल्या दोघांना ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, कसा द्यायचा ते शिकवा. मायक्रोमीटर हातात देऊन एकच नग तिघांकडून मोजून घ्या, तिघांची तीन मापं येतील, मग का आली ते शोधा. पोरं हसतील, वाद घालतील, पैजा लावतील. तुम्ही म्हणता तो उत्साह मला अशाच ठिकाणी दिसलाय, भाषणाच्या हॉलमध्ये कधी नाही. कुणाला पुढे जायचं असेल तर उद्यमबागेतच जीटीटीसी हे सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सीएनसी प्रोग्रामिंगचे छोटे कोर्स असतात का, फी किती, हे एखाद्या काम नसलेल्या दिवशी पायी जाऊन विचारून या. व्हॅक्सिन डेपोपेक्षा ती वाट बरी.

रिवर्कला गेलेल्या बॅचचं मनाला फार लावून घेऊ नका. पण झोप न झालेल्या माणसानं मशीनजवळ जाणं धोक्याचं असतं, बोट जायला एक क्षण पुरतो. घरी सांगितल्यावर दोन-तीन आठवड्यांतही झोप लागली नाही, जेवण जाईनासं झालं, किंवा ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार एकदाही येऊन गेला, तर तो कमकुवतपणा समजू नका. बीम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचाराचा विभाग आहे. रात्री-अपरात्री 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या वयाच्या माणसाला हे सांगायला नको, पण 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडे परतलेली माणसं आपल्या भागात अजून आहेत. त्यांच्यातल्या काहींनी गावी येऊन शेती पाहिली, काहींनी पिठाची गिरणी टाकली, काही पार खचले. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या ओळखीत असेल तर एखाद्या रविवारी जाऊन बसा. ते धीर देतील की नाही ठाऊक नाही, पण वर्षभर पगार नसताना घरात काय काय झालं ते खरं सांगतील.

राहिलं वेर्णा. जायचंच नाही असं मी म्हणत नाही, आपली कितीतरी पोरं तिथे आहेत. पण ‘जागा आहे म्हणतात’ यावर 14 वर्षांची नोकरी सोडायची नाही. ठेकेदाराला फोन करून विचारा : पीएफ आणि ईएसआय पहिल्या दिवसापासून आहे का, खोलीचं भाडं पगारातून कापणार का, आठ तास की बारा, आणि बाराचे असतील तर ओटीचे पैसे दुप्पट की नुसताच तोच रोज? खोली, जेवण आणि महिन्यातून दोनदा घरी यायचं भाडं वजा करून उरतं किती, ते त्याच वहीत मांडा. कंपनीच्या रोलवर घेत असतील तर गोष्ट वेगळी. शिनोळीला आणि कागलला चौकशी केलीत का? शिनोळीचं काम धरलं तर निदान रात्री घरी येता येईल, दहावीच्या वर्षात त्याला किंमत आहे.

आणि राजीनामा लिहायच्या आधी हा हिशेब करा. ग्रॅच्युइटी तुम्ही सोडलीत तरी मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 16,000 असेल तर त्याला 26 ने भागून 15 ने आणि मग 14 वर्षांनी गुणा, साधारण 1 लाख 29 हजार येतात. पण कंपनीनं मंदीमुळे कपात केली तर कामगाराला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची वेगळी भरपाई असते, ती स्वतःहून राजीनामा दिला की मिळत नाही. अशा दिवसांत काही ठिकाणी ‘राजीनामा लिहून दे, नंतर परत बोलावतो’ असं गोड बोलून सही घेतात. तुमच्याकडे तसा कागद आला तर लगेच सही करू नका, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा. पोरांनाही हे आजच सांगून ठेवा, आणि प्रत्येकाला आपला पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक आणि शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या घरी नेऊन ठेवायला लावा. कारखान्याच्या लॉकरमध्ये नको.